ऐंशी टक्क्यांची शाबासकी

हरियाणाने २०१७ मध्ये ‘सक्षम हरियाणा’ मोहीम हाती घेतली. राज्यातल्या ११९ गटांपैकी ज्या गटातली ८० टक्के मुलं हिंदी आणि गणितात आपापल्या इयत्तेला साजेशी निघतील, तो गट ‘सक्षम’ ठरायचा. चाचणी त्रयस्थ संस्थेने घ्यायची. हा प्रयत्न हिणवण्यासारखा नाही. ज्याने शिकवलं त्यानेच पेपर काढायचा, त्यानेच तपासायचा आणि शंभर टक्के निकालाचा फलकही त्यानेच लावायचा, या जुन्या रिवाजाला या प्रयत्नाने धक्का दिला. त्यामागचं मत मात्र आपल्याकडेही घट्ट रुजलेलं आहे: निकालावरून उत्तम शाळा हेरा, त्यांचा सत्कार करा, बाकीच्या आपोआप त्यांच्या वाटेने येतील.

निदान सहावी ते आठवीच्या शाळांपुरतं तरी हे मत टिकत नाही.

फरीदाबाद घ्या. हरियाणातलं कारखान्यांचं शहर. डबुआ, संजय कॉलनी अशा वस्त्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कामगार कुटुंबं राहतात. बापाचं काम बदललं की खोली बदलते आणि खोलीबरोबर मुलाची शाळाही. मिडल स्कूलच्या सहावीत बसलेलं मूल पाच वर्षं दुसरीकडे शिकून आलेलं असतं, कित्येकदा दुसऱ्या राज्यात. सातवीत ते जे लिहितं, त्यातलं किती या शाळेचं आणि किती आधीच्या, हे एका चाचणीच्या टक्केवारीतून कळणं शक्यच नाही.

शिवाय हीच ८० टक्क्यांची रेषा एकेका शाळेला लावली तर काय होतं, ते गणित पाहा. वर्गात २० मुलं असतील तर एक मूल म्हणजे पाच टक्के. सोळा जमली तर शाळा उत्तम, पंधरा जमली तर नापास! टॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या निकालांवरून हेच दाखवलं. लहान शाळा यादीच्या अगदी वर किंवा अगदी तळाला दिसण्याचा संभव जास्त असतो, आणि त्यामागे पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो. आपण त्या योगायोगाला हार घालतो.

उंबरठ्याचा मोह आणखी वाईट. रेषेच्या जरा खाली असलेल्या दोन-चार मुलांना वर ढकललं की काम भागतं. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं ठामपणे लिहिणारी मुलगी रेषेपासून फार दूर असते. तिने वरचे अंक वर आणि खालचे खाली मिळवलेत. उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं, हे तिच्या ध्यानात यावं म्हणून कागदाची पट्टी घडी घालून दाखवायला एक अख्खा तास लागतो. तो तास देणाऱ्या बाईंच्या खाती टक्केवारीत काहीच जमा होत नाही. चाचणीच्या दिवशी गैरहजर राहिलेलं, किंवा आठवीआधीच गळलेलं मूल तर सरासरी खाली ओढत नाही, उलट तिला हातभारच लावतं.

बक्षिसांचंही तसंच. महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यातलं पहिलं बक्षीस ५१ लाखांचं होतं. जिंकलेल्या शाळेचं कौतुक जरूर करावं. पण जिथे विज्ञान-गणिताला शिक्षकच नाही, ती शाळा या कौतुकातून काय शिकणार? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितलेला आहे. ती पदं भरणं हे अनुकरणाने साधणारं काम नव्हे, ते सरकारचं काम आहे.

मग शाळा निवडूच नयेत का? निवडाव्यात, पण कसोटी बदलून. अमेरिकेतल्या मिडल स्कूलांसाठी १९९९ पासून ‘स्कूल्स टू वॉच’ उपक्रम चालतो. तिथे परीक्षकांचं पथक शाळेत जाऊन वर्ग पाहतं, गुणांबरोबर मुलांच्या वयाची समज आणि समानताही तपासतं. मान मिळतो तो तीन वर्षांपुरता. पुढे तो पुन्हा मिळवावा लागतो. चांगल्या शाळेलाही सुधारत राहावं लागतं, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे एकदा लागलेली पाटी कोण उतरवतो?

फरीदाबादच्या शाळेला शाबासकी द्यायची तर सहावीत दाखल झालेल्यांची हजेरी आणि आठवी पार केलेल्यांची यादी शेजारी शेजारी ठेवा. कोण कुठून आलं, कुठवर पोचलं आणि कोण मधेच नाहीसं झालं, हे सलग तीन वर्षं पाहा. त्याआधी सत्कार समारंभ ठरवू नका.