हवेने पडणारा गियर

इतिहास म्हटला की आपल्याकडे अंबरनाथच्या शिवमंदिरावर लेख येतो. मी मात्र एका यंत्रभागाचा इतिहास सांगणार आहे: स्पर्धेतल्या रोबोटचा हवेवर चालणारा गियर.

2008 साली पुण्यात एबीयू रोबोकॉन झाली, तिचा विषय होता 'गोविंदा', म्हणजे चक्क दहीहंडी! अशा स्पर्धांत दाबाखालची हवा बहुधा पकडायला, उचलायला वापरतात. चाकांचा गियर बदलायला ती रुळली अमेरिकेत, डीन केमन यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या 'फर्स्ट' या शालेय स्पर्धेत.

अडचण माळशेज चढणाऱ्या एसटीचीच. रोबोटला मैदानभर पळायचे असते आणि आडव्या आलेल्या रोबोटला रेटायचेही असते. पळण्याच्या गियरवर रेटू गेले तर मोटरी जवळजवळ थांबतात, मिळून शेकडो अँपिअर ओढतात, 12 व्होल्टची बॅटरी मान टाकते किंवा 120 अँपिअरचा ब्रेकर उडतो. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. बांधणीला तेव्हा सहाच आठवडे मिळत, ते सगळे पाण्यात.

उपाय असा. गियरच्या दोन जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या, मध्ये शाफ्टवर सरकणारा दातेरी तुकडा; कारखान्यात त्याला 'डॉग' म्हणतात. बोटाएवढा सिलिंडर त्याला इकडे नाहीतर तिकडे ढकलतो. क्लच नाहीच. टाकीत 120 पीएसआय, कामाला 60. हवा इथे शोभते, कारण दात लगेच जुळले नाहीत तरी ती दाब देत राहते. जुळले की डॉग आत बसतो.

हे आपल्याला परके नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचे पेटंट 1869 मध्ये घेतले; बदलापूर लोकल थांबताना होणारा फुस्स आवाज त्याच घराण्यातला. उल्हासनगरच्या गॅरेजातला कॉम्प्रेसरही त्यातलाच.

2019 पासून या स्पर्धेत ब्रशलेस मोटरी आल्या. हलक्या, जोरकस, आणि प्रवाहाची मर्यादा कोडच्या एका ओळीत घालता येते. मग कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या यांचे ओझे कशाला, असे संघ विचारू लागले. म्हणजे फिटरचे काम माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतले. हिशेब बरोबर आहे, पण मला त्याचा निखळ आनंद नाही. हवेची गळती कान लावून सापडते, दाब तळहाताला कळतो. मुले यंत्र शिकतात ती अशीच.

शाळेत रोबोटिक्सचा वर्ग काढायचे आपल्यात बोलणे चालू आहे. संगणक येतीलच. दोन सिलिंडर आणि एक व्हॉल्व्ह मी आणते; अंबरनाथ एमआयडीसीतल्या मित्रांनी जुना गियरबॉक्स तेवढा शोधावा.