परम ते क्वांटम : विस्तारक्षम संगणकरचनेचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाची शक्ती केवळ घटकांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या परस्परजोडणीवरही अवलंबून असते. महासंगणकापासून क्वांटम संगणकापर्यंतच्या भारतीय वाटचालीतून हे सूत्र स्पष्ट होते.

समांतर रचनेचा वारसा

अमेरिकेने अतिशक्तिशाली क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. वऱ्हाडातील मुरंबा (जि. अकोला) येथे जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिचे नेतृत्व होते. १९९१ मध्ये साकारलेल्या 'परम ८०००' मध्ये एकच महाकाय प्रक्रियक नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप समांतर कार्य करीत. प्रत्येक चिपला इतरांशी जोडणारे चार दुवे असल्याने यंत्राचा टप्प्याटप्प्याने विस्तार करणे शक्य झाले.

क्वांटम रचनेतील पेच

क्वांटम संगणकात मात्र विस्ताराचा प्रश्न अधिक बिकट आहे. क्युबिट शून्य व एक यांच्या अध्यारोपित अवस्थेत राहू शकतो. परंतु बाह्य परिणामांनी ती अवस्था सहज ढळते. अज्ञात क्वांटम अवस्थेची तंतोतंत प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. १९९५ मध्ये पीटर शोर यांनी एका क्युबिटाची माहिती नऊ क्युबिटांत गुंफून त्रुटी दुरुस्त करण्याची पद्धत मांडली. त्यामुळे विश्वासार्हता हवी असेल तर क्युबिट वाढतात आणि त्यांबरोबर नियंत्रणाच्या तारा व जोडण्याही वाढतात. अतिवाहक क्युबिट निरपेक्ष शून्याजवळच्या तापमानात ठेवावे लागत असल्याने प्रत्येक तार शीतकरणावर भार टाकते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये कंकणाकृती अनुनादकाभोवती क्युबिट मांडणारी रचना प्रसिद्ध केली. तीत बारापर्यंत क्युबिट सामावतात व प्रत्येक क्युबिट इतर नऊंशी जोडता येतो. पुण्यातील डीआरडीओ प्रयोगशाळा व टीसीएस यांच्या सहकार्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण झाली.

निष्कर्ष

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाने आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्युबिटांचे उद्दिष्ट ठेवले. मात्र हा आकडा भौतिक क्युबिटांचा आहे. त्रुटीमुक्त गणनेस उपयुक्त असे तार्किक क्युबिट त्याहून पुष्कळ कमी असणार. म्हणून प्रगतीचे मूल्यमापन करताना संख्येबरोबर जोडणी व त्रुटीचे प्रमाणही तपासणे आवश्यक ठरते. मेळघाटातील धारणीसारख्या ठिकाणी महागडी शीतयंत्रणा उभारणे अवघड असले, तरी रेषीय बीजगणित व संभाव्यता यांच्या भक्कम अध्यापनातून ही विवेकदृष्टी विद्यार्थ्यांत निश्चितच रुजविता येईल.