बदकांची वीण व पिलांची निगा (नशिराबाद परिसर)

पूर्व खानदेशात पावसाळ्यात अंडी घालणारी रानबदके, त्यांची घरटी आणि अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिले यांच्या सांभाळाविषयीची नोंद. बदकाला बोलीत बतक असेही म्हणतात. नशिराबाद हे जळगाव तालुक्यातील मोठे गाव जळगाव–भुसावळ महामार्गावर वसले असून त्याच्या पूर्वेकडून वाघूर नदी वाहते. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेत उत्तरेला येणारी ही नदी पुढे तापीला मिळते. तिच्यावरच्या धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. पश्चिमेला जळगावचा मेहरूण तलाव, पूर्वेला तापीवरचे हतनूर धरण आणि मुक्ताईनगर तालुक्यातला हरताळ्याचा तलाव, अशी पाणपक्ष्यांची ठिकाणे गावाच्या दोन्ही अंगांना आहेत. मात्र बदकांची वीण साधते की फसते, हे या जलाशयांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या जमिनीवर ठरते: शेताच्या धुऱ्यावर, नाल्याकाठच्या गवतात आणि जुन्या झाडांच्या ढोलीत. निगेचा विचार तिथून सुरू व्हायला हवा, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

जाती : महाराष्ट्रात वीण करणाऱ्या बदकांत चार जाती महत्त्वाच्या. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. त्यावरून हे नाव पडले. त्याला प्लवा असेही म्हणतात. हे जमिनीवर, पाण्याजवळच्या दाट गवतात घरटे करते. अडई हे शीळ घालणारे तांबूस बदक झाडाची ढोली, घारी-कावळ्यांची जुनी घरटी किंवा कधी उंच गवतही पसंत करते. काणूक हे आपल्याकडचे सर्वांत लहान बदक. त्याला ढोलीच लागते. नकटा मोठा असतो, नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असतो, आणि त्यालाही मोठ्या बुंध्याच्या झाडातली पोकळी हवी असते. म्हणजे चारांपैकी तिघांची वीण झाडांवर अवलंबून आहे. अँडरसनच्या कुरूप पिलाच्या गोष्टीवर ग. दि. माडगूळकरांनी रचलेल्या बालगीतामुळे मराठी मनात बदके तळ्यातच राहतात. तळे राखले म्हणजे बदके राखली, ही समजूतही त्यातूनच बळावत असावी. बदकाची मादी अंडी घालायला तळ्याबाहेर पडते, ही साधी गोष्ट त्यामुळे नजरेआड होते.

नोंदींचा प्रश्न : खानदेशातल्या पक्ष्यांविषयीची जुनी माहिती अंडी जमवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून आली आहे. जे. डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या नियतकालिकाचे संपादक ए. ओ. ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ. या मंडळींना अंड्यांच्या संग्रहाचा छंद होता. तो आज निषिद्ध आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या छंदापायी ते भर पावसात घरट्यांपर्यंत पोहोचत आणि महिना, जागा, अंड्यांची संख्या टिपून ठेवत. डेव्हिडसनची यादी आजच्या धुळे-नंदुरबार बाजूची असल्यामुळे नशिराबादचा परिसर तिच्या कक्षेबाहेर राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्षिगणना आली. आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून होते आणि ती जानेवारीत होते. हतनूरच्या पाण्यावर त्या वेळी दिसणारे थापटे, तलवार बदके आणि चक्रवाक हे पाहुणे आहेत. चक्रवाकाची वीण लडाख-तिबेटाकडे होते, इतरांची मध्य आशियात व सायबेरियात. जानेवारीचे आकडे मोठे असले म्हणजे खानदेशात बदके सुखाने नांदतात, हा निष्कर्ष म्हणून टिकत नाही. इथे जन्माला येणाऱ्या पिलांबद्दल ते आकडे काहीच सांगत नाहीत. यावर असा आक्षेप घेता येईल, की स्थानिक बदकेही त्याच गणनेत मोजली जातात. ते खरे आहे. परंतु हळदी-कुंकू बदके हिवाळ्यात पाणी असेल तिकडे सरकतात. जानेवारीत हतनूरला दिसलेला थवा वाघुरीकाठी वाढला की आणखी कुठे, हे मोजणीवरून कळत नाही. जुलै ते सप्टेंबर या काळातली घरट्यांची एक साधी वही अशा दहा गणनांहून अधिक उपयोगी ठरेल.

घरटे व उबवणी : हळदी-कुंकू बदकाची मादी साधारणपणे ८ ते १४ अंडी घालते, रोज एक याप्रमाणे. शेवटचे अंडे घालून झाल्याखेरीज ती नेटाने उबवायला बसत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने घातलेली अंडी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. उबवणीला सुमारे २४ दिवस लागतात. अडईचीही मुदत २२ ते २४ दिवसांचीच, पण तिथे नर-मादी दोघे उबवतात. नकट्याला सुमारे महिना लागतो. अंडी घालण्याच्या दिवसांत घरटे बराच वेळ रिकामे असते. पुढेही मादी चरायला जाताना आपल्या छातीची पिसे आणि गवत अंड्यांवर ओढून जाते. अंडी दिसली आणि बदक दिसले नाही म्हणून घरटे टाकून दिले आहे, असा अर्थ निंदणीला गेलेली माणसे लावतात तो बहुधा चुकीचा असतो. माणसाचा हात लागला की वासाने आई अंडी टाकते, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. पक्षी अशा वासावर फारसे विसंबत नाहीत. खरा धोका वेगळा आहे: उबवणीच्या सुरुवातीला मादीला वारंवार उठवले तर ती घरटे सोडण्याचा संभव जास्त असतो, आणि ती घाईने उडाल्यास अंडी उघडी राहतात. तुडवलेल्या गवताची वाट कावळ्याला, मुंगसाला, घोरपडीला आणि गावच्या कुत्र्यांना घरट्यापर्यंत नेते. एकदा पाहून दूर होणाऱ्याकडून अपाय क्वचितच होतो. रोज खुशाली पाहायला जाणाऱ्याकडून तो जवळजवळ निश्चित होतो.

खानदेशात उष्णतेचा विचार थंडीच्या आधी करावा लागतो. अंड्यातला गर्भ ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास नीट वाढतो. तापमान वीस-एकवीस अंशांच्या खाली गेले की वाढ थांबते, पण तेवढ्याने गर्भ लगेच मरत नाही. चाळिशीच्या वर मात्र तो थोड्या वेळात दगावू शकतो. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाऊस सुरू झाल्यावर हवा निवते, पण पावसात खंड पडला की जुलै-ऑगस्टच्या दुपारी उघड्या जागी पडलेली अंडी उन्हात तापतात. अशा वेळी घरट्यावर बसलेली मादी ऊब देण्याइतकेच सावली धरण्याचे काम करते, आणि पाण्यातून आलेल्या तिच्या ओल्या पोटाने अंड्यांना ओलावा मिळतो. भर दुपारी तिला उठवणे म्हणूनच सर्वांत घातक. अंडी ‘थंड पडू नयेत’ म्हणून घरी आणून गोधडीत ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण गोधडी स्वतः ऊब निर्माण करत नाही, अंडी फिरवत नाही, ओलावाही देत नाही.

जमिनीवरच्या घरट्याला दुसरा धोका पाण्याचा. हतनूर धरण तापी-पूर्णा संगमाच्या खाली आहे. त्याचे ४१ दरवाजे पावसाळ्यात आवक वाढली की उघडतात, आणि गाळाने उथळ झालेल्या फुगवट्याच्या कडेला पाण्याची रेघ त्यानुसार भराभर मागेपुढे सरकते. हा उथळ गाळ आणि त्यावरचे पाणकणीस व लव्हाळे यांमुळेच तिथे बदकांना चारा मिळतो. पण ऐन काठावर केलेले घरटे एका फुगवट्यात बुडते. पूरनियंत्रण बदकांसाठी थांबवता येणार नाही आणि तशी मागणी करणे अयोग्य होईल. नेमक्या याच कारणामुळे काठापासून थोडे वर असलेले धुरे, पडीक तुकडे आणि नाल्यांचे उंच काठ यांचे मोल वाढते. पाणी चढले तरी तिथली वीण वाचते.

शेतकऱ्याचा आक्षेप इथे येतो आणि तो टाळण्यासारखा नाही: गुरांना चारा हवा, धुऱ्यावर गवत माजले तर साप-विंचवाचे भय, आणि कपाशीची कामे घरट्यासाठी अडवायची कशी? उत्तर मुदतीत आहे. अंडी घालण्यापासून पिले निघून जाईपर्यंत जेमतेम पाच आठवडे लागतात, आणि त्यानंतर त्या घरट्याची कुणालाच गरज उरत नाही. तेवढा काळ गवताचा एक पट्टा मागे ठेवून बाकीचे कापता येते. घरट्याभोवती फक्त एक झुडूप राखून चहूबाजूंनी जमीन मोकळी केली, तर मात्र ते झुडूप कावळ्याला खुणेसारखे दिसते. पट्टा लांब आणि दोन्हीकडे गवताला जोडलेला असावा. कापणी सालदार किंवा मजूर बायकांकडे असेल तर त्यांना आधी सांगणे आवश्यक आहे, कारण घरटे प्रथम त्यांच्याच विळ्यासमोर येते.

झाडांविषयी थोडेच सांगता येते. ढोली तयार व्हायला दशके लागतात; वठलेले जुने झाड जळणासाठी तोडले की काणूक आणि अडई यांची जागा जाते, आणि नव्या रोपांनी ती लवकर भरून निघत नाही.

पिले : बदकाचे पिलू डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन जन्मते आणि बहुधा दिवसाभरात घरटे सोडते. ढोलीत जन्मलेली पिले खाली उड्या मारतात. वजन नगण्य आणि लव मऊ, त्यामुळे सहसा इजा होत नाही. झाडाखाली गवतात एकामागून एक पडलेली पिले पाहून ती कुणीतरी पाडली असे वाटते, तेव्हा आई जवळच हाक देत असते. या हाकेचे महत्त्व प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. गिल्बर्ट गॉटलीब यांनी दाखवले, की पिलू अंड्यात असतानाच आवाज ऐकत असते आणि बाहेर आल्यावर स्वजातीच्या मादीच्या हाकेकडे ओढले जाते. त्याआधी कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिलांवर प्रयोग करून जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत दिसलेल्या हलत्या आकृतीमागे पिले लागतात हे मांडले. १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक. याचा नशिराबादच्या शिवारातला अर्थ सरळ आहे. पहिल्या दिवशी उचलून घरी आणलेले पिलू माणसालाच आई समजू लागते, आणि मोठे झाल्यावर रानात सोडले तरी कुत्र्यामाणसांना भीत नाही. ‘आम्ही त्याला जगवले’ असे म्हणणाऱ्याने ते रानात जगेल का, हेही विचारले पाहिजे.

पोटात शिल्लक असलेल्या बलकावर पिलू पहिला दिवस-दीड दिवस निभावते, म्हणून तासाभराच्या उपवासाने घाबरून त्याला पोळीचा चुरा किंवा मुरमुरे घालण्याचे कारण नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला मुख्यतः किडे, अळ्या आणि पाण्यातले बारीक जीव लागतात; दाण्यावर ते नंतर येते. पिष्टमय खाण्यावर वाढवलेल्या पाणपक्ष्यांत पंख बाहेर वळण्याची विकृती आढळते, मात्र तिचे कारण आहारच आहे का यावर एकमत नाही. किड्यांवरच्या या अवलंबनामुळे कपाशीच्या फवारणीचा प्रश्न थेट पिलांशी जोडला जातो, कारण फवारणीचा भर आणि पिले फुटण्याचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरात एकत्र येतात. फवारणी बंद करा असे म्हणणे व्यवहाराचे नाही. पंप आणि औषधाचे रिकामे डबे नाल्यात धुऊ नयेत, एवढे बिनखर्चाने होण्यासारखे आहे, आणि त्याच नाल्यावर पाणी पिणाऱ्या गुरांसाठीही ते हिताचे आहे. पिलांना उडता यायला सात-आठ आठवडे लागतात. तोवर आई त्यांना पायी एका पाण्यावरून दुसऱ्यावर नेते, आणि महामार्गाजवळ हा प्रवास जीवघेणा ठरू शकतो. रांग रस्त्यावर दिसली तर वाहने थांबवून तिला पार होऊ द्यावे. पिले उचलून पलीकडे नेल्यास आई उडून जाते आणि रांग फुटते.

पाळीव बदके : भारतात बदकपालन मुख्यतः पश्चिम बंगाल, आसाम, केरळ या राज्यांत आहे, खानदेशात ते तुरळक. पाळीव बदकाची अंडी २८ दिवसांत, तर मस्कोव्ही जातीच्या बदकाची सुमारे ३५ दिवसांत फुटतात. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी पाळली जाणारी जात सहसा खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी कोंबडीखाली ठेवण्याची रीत आहे आणि पाळीव बदकांपुरती ती योग्यच आहे. आईविना वाढणाऱ्या पिलांना पहिल्या आठवड्यात तीस-बत्तीस अंशांची ऊब लागते. पाणी चोच व नाकपुड्या बुडतील एवढे खोल असावे, पण पिलू आत पडून भिजणार नाही असे भांडे हवे. आईच्या सहवासाविना वाढणारी लव लवकर भिजते आणि पिलू गारठून मरते. खानदेशात सर्वांत जपायचे ते खाद्याला. १९६० मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने टर्की आणि बदकांची पिले मोठ्या संख्येने मेली, त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे असते, की पुढे त्याच्यावरच विषाची चाचणी घेतली जाऊ लागली. पावसाळ्यात ओल धरलेला मका आणि कुबट वास येणारी पेंड कोंबड्यांना चालते म्हणून बदकांच्या पिलांना घालू नये. पिलांना नायसिन हे जीवनसत्त्वही कोंबडीच्या पिलांपेक्षा अधिक लागते. ते कमी पडले की पाय वाकतात.

रोग : बदकांच्या प्लेगवर लस उपलब्ध आहे, ती पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी काढणे, फोडणे आणि घरटी विस्कटणे यांचाही समावेश आहे. रानबदकाची अंडी कोंबडीखाली ठेवणे किंवा पिले घरी वाढवणे म्हणून चांगल्या हेतूनेही कायद्यात बसत नाही. जखमी किंवा खरोखर पोरके पिलू आढळल्यास ते सावलीत, हवा खेळेल अशा खोक्यात, शांत जागी ठेवून महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. जागा आणि वेळ लिहून ठेवावी, म्हणजे त्याला आईजवळ परत सोडण्याचा प्रयत्न करता येतो.