बायबलवरची सही

मार्च २००६ मधली गोष्ट. मी ह्यूस्टनला मुलाकडे गेले होते. शेजारच्या बाई बाप्टिस्ट चर्चमध्ये जाणाऱ्या. त्यांचं पथक आठवडाभरासाठी न्यू ऑर्लिन्सला पुरात बुडालेली घरं साफ करायला निघालं होतं. "येता का?" त्यांनी सहज विचारलं आणि मी "येते" म्हणून बसले. मुलगा म्हणाला, "अगं आई, ते धर्मप्रचार करणारे लोक!" खरं सांगायचं तर शंका माझ्याही मनात होती. चर्चचे लोक मदत कशासाठी करतात, याबद्दल आपल्याकडे जे बोलतात ते ऐकतच तर आपण वाढलो.

कतरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ ला किनाऱ्यावर आदळलं. पण शहर बुडालं ते कालव्यांच्या भिंती फुटल्यामुळे. सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या भिंती बांधणाऱ्या लष्कराच्या अभियंता दलानेच पुढे आपल्या चुका मान्य केल्या. निसर्गाने अर्धं आणि माणसाने अर्धं, असं ते संकट.

आम्ही जेंटिली भागात काम केलं. सहा महिने उलटले तरी गल्ल्या ओसाड. दारांवर रंगाने मारलेल्या फुल्या. शोधपथक कोणतं, कधी आलं, आत किती माणसं सापडली, ते फुलीच्या चार कोपऱ्यांत लिहिलेलं. आमच्या वाट्याच्या घरावर शून्य होता. तो बघून बरं वाटलं.

काम म्हणजे कुजलेलं सामान बाहेर काढायचं, भिंतींचे जिप्समचे बोर्ड फोडून आतला लाकडी सांगाडा उघडा करायचा आणि त्यावर बुरशीचं औषध मारायचं. तोंडाला मास्क, पायात गमबूट. मी ढकलगाडीने राडारोडा रस्त्यावर नेत होते. रात्री चर्चच्या जमिनीवर झोपायचं.

इतिहासाची शिक्षिका मी, चौकश्या केल्याशिवाय राहवेना. कळलं की बाप्टिस्टांच्या या कामाची सुरुवात १९६७ साली टेक्सासमध्ये, ब्यूला वादळानंतर झाली. रॉबर्ट डिक्सन नावाच्या गृहस्थांनी डब्यांच्या छोट्या शेगड्यांवर लोकांना गरम अन्न करून दिलं. त्यातून पुढे मोठमोठी फिरती स्वयंपाकघरं उभी राहिली. रेड क्रॉसच्या गाडीतून जे जेवण वाटलं जातं, ते बरेचदा यांनी शिजवलेलं असतं. आपल्याकडच्या अन्नछत्रासारखंच म्हणा ना! मेनोनाइट पंथाची मदतसंस्था तर त्याहून जुनी, १९५० मध्ये कॅन्ससात सुरू झालेली. ते लोक मुख्यतः घरं पुन्हा बांधून देतात.

मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या शाळेनेही कपडे गोळा केले. ट्रक रवाना झाला आणि आमचं कर्तव्य संपलं. तिथे कपडे हवे होते की आणखी काही, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. आणि इथे ही माणसं सहा महिन्यांनंतरही येतच होती.

शेवटच्या दिवशी घराची मालकीण आली. पंच्याहत्तरीची कृष्णवर्णीय आजी. पथकाची पद्धत अशी, की काम झालं की सगळ्यांनी बायबलवर सह्या करून ते घरमालकाला द्यायचं. बायबल फिरत फिरत माझ्यापुढे आलं. माझा हात थांबला. मनात आलं, सही केली तर मी कशाला होकार देतेय? पथकप्रमुख हळूच म्हणाले, "नाही केलीत तरी चालेल."

त्या वाक्याने माझी अडचण सुटली. ते लोक धर्मासाठीच आले होते आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. पण चिखल उपसण्याआधी त्यांनी आजीला काही विचारलं नव्हतं, आणि मलाही नाही. मी देवनागरीत सही केली. आजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ही कुठली भाषा म्हणून विचारलं. "मराठी," मी म्हटलं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाची झाले आहे. कुणाच्या मदतीमागे काय हेतू असेल, असा वाद घरात निघाला की मी एकच विचारते, "आपण कुणाच्या घरातला चिखल काढलाय का?" मुलगा हसतो आणि म्हणतो, "आईचं पुन्हा सुरू झालं!"

असो.