बकासुराचा गाडा आणि कृष्णविवराची ऊर्जा

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक वीजकेंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. एकूण क्षमता ३,३०० मेगावॅट. हे पाचही संच वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले असे गृहीत धरले, तर सुमारे २,८९० कोटी युनिट वीज निर्माण होईल आणि त्यासाठी दीड कोटी टनांच्या घरात कोळसा जाळावा लागेल. हीच ऊर्जा आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सूत्राने वस्तुमानात मोजली तर उत्तर येते सुमारे १.१६ किलोग्रॅम. दीड कोटी टन जाळायचे आणि त्यातून मिळवायचे सव्वा किलोहूनही थोडे कमी! उरलेले सारे राख, धूर आणि वाफ होऊन निसर्गात परतते.

या विषमतेमुळेच गेल्या अर्धशतकात काही शास्त्रज्ञ आणि लेखक एका विलक्षण इंधनाकडे वळले. कोळशाच्या तुलनेत हायड्रोजनचे हेलियममध्ये होणारे रूपांतर बरेच उदार, कारण त्यात वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्के भाग ऊर्जा होतो. परंतु वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवरात पडणारे द्रव्य पडता पडता आपल्या वस्तुमानाच्या ४२ टक्क्यांपर्यंत ऊर्जा बाहेर टाकू शकते. म्हणजे तिरोड्याची वर्षभराची वीज, निदान कागदावर, पावणेतीन किलो द्रव्यातून. हा हिशेब मोहक आहे. मात्र ज्यांनी तो गांभीर्याने मांडला त्यांच्या लिखाणाचा इतिहास पाहिला तर लक्षात येते की खरा प्रश्न ऊर्जा मिळवण्याचा नाही. ती देणाऱ्याला सांभाळण्याचा आहे. आणि या प्रश्नाला साजेशी कथा आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे, फक्त आपण ती या संदर्भात वाचलेली नाही.

आधी शब्दाकडे पाहू. ‘ब्लॅक होल’ हा इंग्रजी शब्दप्रयोग भारताच्या इतिहासाला १७५६ पासून परिचित आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधील बंदिखान्याला इंग्रज याच नावाने ओळखत. खगोलशास्त्रात तो १९६४ मध्ये छापील मजकुरात आला आणि १९६७ नंतर जॉन व्हीलर यांच्यामुळे रूढ झाला. इंग्रजीत बंदिखाना आणि तारा यांना एकच नाव उरले. मराठीने मात्र पहिल्यासाठी ‘अंधारकोठडी’ आणि दुसऱ्यासाठी ‘कृष्णविवर’ असे दोन वेगळे शब्द योजले. कोठडीत माणसाला कोंडतात, तर विवरात काहीतरी वस्तीला असते. पाताळाकडे जाणाऱ्या विवरांच्या, त्यांत राहणाऱ्या नागांच्या आणि असुरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला ‘कृष्णविवर’ हा शब्द निर्जीव वाटत नाही. ही छटा परिभाषा घडवणाऱ्यांना अभिप्रेत असो वा नसो, ती शब्दाबरोबर आलीच.

मराठी ललित साहित्यात हा शब्द ठळकपणे आला तो १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर पत्नी मंगला नारळीकर यांच्या अक्षरात पाठवला होता. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या या नव्या लेखनाची दखल घेतली. हेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा विज्ञानकथा हा मराठीतला मान्य प्रकार झालेला होता.

त्याच सुमारास भौतिकशास्त्रात कृष्णविवराची प्रतिमा पालटत होती. तोवर ते सर्व गिळणारे आणि काहीही न देणारे मानले जाई. १९६९ मध्ये रॉजर पेनरोझ यांनी दाखवले की फिरत्या कृष्णविवराभोवती एक असा प्रदेश असतो जिथे एखादी वस्तू दुभंगली, तिचा एक तुकडा विशिष्ट कक्षेने आत पडला, तर दुसरा तुकडा मूळ वस्तूपेक्षा अधिक ऊर्जा घेऊन बाहेर येऊ शकतो. जास्तीची ऊर्जा कृष्णविवराच्या फिरण्यातून येते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रॅव्हिटेशन’ या मिसनर, थॉर्न आणि व्हीलर यांच्या ग्रंथात या कल्पनेचे एक चित्र आहे. कृष्णविवराभोवती एक नगर वसलेले आहे. नगरातला कचरा वाहनांत भरून खाली सोडला जातो, ठरल्या जागी तो आत टाकला जातो, आणि रिकामी वाहने वाढलेल्या वेगाने परत येऊन एका प्रचंड चाकाला फिरवतात. नगराचा कचराही जातो आणि दिवेही लागतात.

या सुखद चित्राला लवकरच धक्का बसला. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातच हे स्पष्ट झाले की तुकडे एकमेकांपासून प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने वेगळे झाले तरच ही युक्ती साधते. निसर्गात असे घडणे अवघड. ही कोंडी फोडण्यात महाराष्ट्रात काम करणाऱ्या संशोधकांचा वाटा आहे. संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी १९८५ मध्ये दाखवले की कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर विद्युतभारित तुकड्यांना लागणारी ऊर्जा ते क्षेत्र पुरवू शकते आणि वेगाची ती अट उरत नाही. दधीच हे पुण्यात वि. वा. नारळीकरांकडे, म्हणजे कथाकार नारळीकरांच्या वडिलांकडे शिकले होते. एका घराण्याच्या एका शाखेतून मराठीत कृष्णविवराची कथा आली आणि दुसऱ्या, गुरुशिष्यांच्या शाखेतून कृष्णविवराच्या ऊर्जेचे गणित. साहित्याच्या इतिहासात या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या जात नाहीत. त्या सांगितल्या जायला हव्यात.

दुसरा आणि अधिक खोल पालट १९७४ चाच. स्टीफन हॉकिंग यांनी मांडले की कृष्णविवर स्वतःहूनही ऊर्जा बाहेर टाकते, आणि ते जितके लहान तितके अधिक तापलेले असते. ताऱ्याएवढ्या कृष्णविवरासाठी हा परिणाम नगण्य आहे. पण लाखो टनांच्या, अणुकेंद्रकाहूनही लहान कृष्णविवरासाठी तो भयंकर आहे. असे कृष्णविवर अद्याप कोणी पाहिलेले नाही, घडवलेलेही नाही. तरी अमेरिकेतील लुई क्रेन आणि शॉन वेस्टमोरलँड यांनी २००९ मध्ये त्याचा हिशेब यानासाठी मांडला. सुमारे सहा लाख टनांचे कृष्णविवर १६० पेटावॅट शक्ती देईल, म्हणजे जवळपास पाच कोटी तिरोडे, आणि तसेच सोडून दिले तर साडेतीन वर्षांत संपेल. संपेल म्हणजे विझेल असे नव्हे. ऊर्जा देता देता ते घटते, घटल्यामुळे अधिक तापते, तापल्यामुळे आणखी वेगाने घटते. शेवट स्फोटात होतो.

येथे आपल्या ओळखीचा सारा अनुभव उलटा होतो. चुलीत लाकूड घातले की ती पेटते, न घातले की विझते. या कृष्णविवराला खाऊ घातले तर ते शांत राहते आणि उपाशी ठेवले तर भडकते. त्याला एकाच अवस्थेत राखायचे तर ते जेवढे वस्तुमान उधळते तेवढे सतत परत द्यावे लागेल. १६० पेटावॅटसाठी ते दर सेकंदाला पावणेदोन किलोहून थोडे अधिक भरते. दिवसाला सुमारे दीडशे टन. आणि हे सारे अणुकेंद्रकाहून लहान तोंडात, तिथून उसळणाऱ्या प्रखर प्रारणाच्या विरुद्ध दिशेने ढकलायचे. अंतराळस्थानकावर असा ऊर्जास्रोत असेल तर तिथल्या माणसांचे मुख्य काम वीज वापरणे हे नसेल. पाळी न चुकवणे हे असेल.

अशा धोक्यासाठी मराठी लेखनात भस्मासुराची उपमा सहज येते. ‘अंतराळातील भस्मासुर’ हे तर नारळीकरांच्याच एका पुस्तकाचे नाव. पण भस्मासुराची कथा वराची आहे. देणाऱ्यावर उलटलेल्या शक्तीची ती कथा एका नृत्यात संपते. तिला दुसरा दिवस नाही. सांभाळाव्या लागणाऱ्या शक्तीचे वर्णन करायला ती अपुरी पडते.

त्यासाठी महाभारताच्या आदिपर्वातील एकचक्रा नगरीकडे जावे लागते. तिथे बकासुर आहे, आणि ठरलेला करार आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, घराघराने, पाळीपाळीने. बदल्यात बक नगरीचे परचक्रापासून रक्षण करतो, कारण तिथला राजा ते करण्यास असमर्थ आहे. बकासुर हा नुसता उपद्रव नाही. तो नगरीची व्यवस्था आहे. तिच्यामुळे बहुतेक दिवस बहुतेक घरे सुखाने झोपतात. व्यासांनी भीमाच्या युद्धापेक्षा अधिक जागा दिली आहे ती ज्याची पाळी आली त्या ब्राह्मणाच्या घरातील बोलण्याला. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि लहानगा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, मी हिने राक्षसाला मारीन. ऊर्जेच्या प्रत्येक हिशेबात न लिहिलेला रकाना तो हाच आहे. गाडा कोण हाकणार?

इंग्रजी विज्ञानकथेत चार्ल्स शेफिल्ड यांनी मॅकअँड्रूच्या कथांमध्ये फिरती लघुकृष्णविवरे ऊर्जेसाठी वापरली. तिथे त्यांना आवरण आहे, नियंत्रण आहे, हुशार अभियंता आहे. पाळीची यादी मात्र अशा कथांत सहसा दिसत नाही. मराठी विज्ञानकथेला इथे स्वतःचे काही देता येईल, कारण ती यादी तिच्या घरातच आहे. एक फरक तेवढा ध्यानात ठेवावा लागेल. कृष्णविवराच्या कथेत भीम येऊ शकत नाही. त्यात काहीही टाकले, अगदी शस्त्र टाकले, तरी ते त्याचे अन्नच होते. एकदा करार केला की तो मोडण्याची सोय नसते. फार तर ते दूर सोडून देऊन आपण पळ काढायचा.

तिरोड्याचा संच बंद करता येतो. हा त्याचा मोठाच गुण आहे. पण त्याचाही गाडा रोज भरावा लागतो. खाणीतला कोळसा, वैनगंगेचे पाणी, आणि भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के असणाऱ्या राखेसाठी कुठेतरी जमीन. वीज जिथे जळते तिथून हा गाडा दिसत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने ऊर्जेविषयीची कोणतीही कथा, मग ती अंतराळस्थानकाची असो की धानाच्या पट्ट्यातील एखाद्या तालुक्याची, हातात घेतली की राक्षस किती मोठा आहे याच्याही आधी एक गोष्ट शोधावी: लेखकाने पाळीची यादी लिहिली आहे का, आणि तिच्यात पहिले घर कोणाचे आहे.