गर्भपाताचा हक्क : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, २०१६

भायखळ्याच्या महिला कारागृहाला भेट देणाऱ्या एका न्यायाधीशांच्या अहवालातून हे प्रकरण उभे राहिले. चार महिन्यांच्या गरोदर कैदी स्त्रीला गर्भ ठेवायचा नव्हता. पदरी आधीच पाच महिन्यांचे आजारी मूल होते. तिने कोर्टाचे दार ठोठावले नव्हते. उच्च न्यायालयानेच स्वतःहून दखल घेतली आणि १९ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. विजया ताहिलरमानी व न्या. मृदुला भाटकर यांनी निकाल दिला.

आपल्या शरीराचा, मातृत्वाचा निर्णय स्त्रीनेच घ्यायचा, असे खंडपीठाने म्हटले. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यानुसार माणसाला हे हक्क जन्मानंतर मिळतात, गर्भाला नाहीत, हेही नोंदवले. नको असलेले गरोदरपण लादणे ही स्त्रीच्या मनाला झालेली इजा आहे, आणि मानसिक आरोग्य १९७१ च्या गर्भपात कायद्यातच आहे, हा निकालाचा सर्वांत भक्कम धागा.

त्या कायद्याचा पायाही महाराष्ट्राशी जोडलेला. राज्याचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. मात्र गर्भनिरोधक साधन फसल्याचे कारण केवळ विवाहितेला सांगता येई. विवाह न करता एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही ते सांगता यावे, असे २०१६ च्या निकालाने म्हटले.

२०२१ च्या दुरुस्तीने 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला. ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर गेली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहितेलाही ही मुदत खुली केली. भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या सीडॉ या स्त्रीहक्क करारासह आंतरराष्ट्रीय बांधिलकीचा आधार त्या निकालात आहे.

तरी परवानगी डॉक्टरांच्या मतावरच अवलंबून. चोविसाव्या आठवड्यानंतर वैद्यकीय मंडळापुढे जायचे, तेही गर्भात गंभीर व्यंग असेल तरच.

अंबड तालुक्यातल्या, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीसारख्या गावातील स्त्रीची ही मुदत उलटली आणि व्यंगाचे कारण नसले, तर तिला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागते. वकील, कागद, तारीख जमवेपर्यंत गर्भाचे आठवडे वाढत राहतात.