गेमिंग मॉनिटर घेताय? आधी पोर्ट आणि वॅट बघा

जाहिरातीत 180 हर्ट्झ, 1 मिलिसेकंद असे आकडे मोठ्या अक्षरात असतात. पण मॉनिटर घरी आल्यावर तो कशाला जोडणार आणि वीज किती खाणार, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. निलंग्यासारख्या ठिकाणी आपण बहुतेक वेळा ऑनलाइन मागवतो, म्हणून हे आधीच तपासलेलं बरं.

कोणता पोर्ट किती देतो?

- एचडीएमआय 1.4: फुल एचडीला साधारण 120 हर्ट्झ. जुन्या लॅपटॉपवर बहुधा हाच असतो.
- एचडीएमआय 2.0: फुल एचडीला 240, 1440पी ला 144, तर 4के ला 60 हर्ट्झ.
- एचडीएमआय 2.1: 4के ला 120 हर्ट्झ. मात्र नुसत्या '2.1' लेबलवर जाऊ नका. त्यातली बरीच फीचर्स ऐच्छिक आहेत, त्यामुळे '4के 120' असं स्पष्ट लिहिलंय का बघा.
- डिस्प्लेपोर्ट 1.4: पीसीसाठी सगळ्यात बिनधास्त पर्याय. प्लेस्टेशन 5 ला मात्र हा पोर्ट नाही, तिथे एचडीएमआयच लागतं.

केबल जोडली की काम संपलं असं नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट निवडा. बऱ्याचदा तो 60 वरच अडकलेला असतो.

मोबाईल जोडता येईल का?

टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे स्क्रीन दिसेलच असं नाही. फोनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हवा. सॅमसंग गॅलेक्सी एस मालिकेत आणि आयफोन 15 पासून पुढे (16ई सारखे काही मॉडेल सोडून) तो मिळतो. बजेट फोनमध्ये बहुधा यूएसबी 2.0 असतं, त्यातून व्हिडिओ बाहेर येत नाही. अशा फोनसाठी टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॉप्टर घेतला तर पैसे वाया.

विजेचा हिशोब

सूत्र सोपं आहे: वॅट × तास × दिवस ÷ 1000 = युनिट.

24 ते 27 इंची मॉनिटर साधारण 25 ते 40 वॅट घेतो. 30 वॅट धरून रोज 5 तास, महिनाभर खेळलात तर 4.5 युनिट होतात. पण 300 वॅट घेणारा गेमिंग पीसी तेवढ्याच वेळात 45 युनिट खातो. म्हणजे बिल मॉनिटर नाही, सीपीयूचा डबा वाढवतो. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढे दर चढतो. घरचा वापर आधीच 80-90 असेल तर हे 45 युनिट बरेचसे महागड्या टप्प्यात जातील.

ॲडॉप्टरवर '19 व्होल्ट 2.5 अँपिअर' लिहिलं असेल तर गुणाकार 47.5 वॅट. ही कमाल मर्यादा, रोजचा वापर नाही. ब्राइटनेस कमी केला की वापर आणखी उतरतो.

लाईट गेल्यावर काय?

12 व्होल्ट 150 एएच बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते, प्रत्यक्षात हजारेक धरा. पीसी आणि मॉनिटर मिळून 330 वॅट म्हणजे जेमतेम तीन तास, पंखा लावला तर त्याहून कमी. मॉनिटरला 70 वॅटचा लॅपटॉप जोडला तर हीच बॅटरी जवळपास दहा तास पुरते. इन्व्हर्टर 'यूपीएस मोड'वर ठेवा, नाहीतर लाईट जाताच पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

थोडक्यात: आधी आपल्या पीसी, कन्सोल किंवा फोनचा पोर्ट बघा, मग मॉनिटरचे हर्ट्झ ठरवा. जे हर्ट्झ पोर्टमधून येणारच नाहीत, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.